शाळेच्या टीमचं नाव बदलायचं की नाही, यावरून न्यूयॉर्क राज्य आणि ट्रम्प सरकार का भिडलंय?

एप्रिल २०२५. टॅरिफच्या घोषणांमुळे जगभरातले शेअर बाजार गटांगळ्या खात होते. त्याच महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्रुथ सोशलवर एक पोस्ट टाकली. विषय होता न्यूयॉर्क शहराजवळच्या एका शाळेच्या टीमचं नाव.

ही शाळा लाँग आयलंडवरच्या मॅसापिक्वा गावातली. तिच्या सगळ्या टीम 'चीफ्स' या नावाने खेळतात. चीफ म्हणजे जमातीचा प्रमुख. लोगोत पिसांचा मोठा टोप घातलेल्या मूळनिवासी प्रमुखाचा चेहरा. न्यूयॉर्क राज्याचं म्हणणं, हे नाव आणि हे चित्र दोन्ही बदला. गावाचं म्हणणं, अजिबात बदलणार नाही. ट्रम्प यांनी गावाची बाजू घेतली. नाव बदलायला लावणं हाच मूळनिवासींचा अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. ३० मे रोजी केंद्रीय शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन स्वतः त्या शाळेत पोहोचल्या आणि न्यूयॉर्क राज्यानेच नागरी हक्क कायदा मोडल्याचं जाहीर करून आल्या.

शाळेच्या मुलांच्या टीमचं नाव, लोगो आणि जर्सीचा रंग. यात केंद्र सरकारने उतरण्यासारखं काय आहे?

सुरुवात एका छोट्या गावातून

मॅसापिक्वा हे नंतरचं प्रकरण. सुरुवात झाली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या केंब्रिज नावाच्या गावात. तिथल्या शाळेची टीम होती 'इंडियन्स'. (आपल्याकडे ज्यांना 'रेड इंडियन' म्हटलं जायचं ते हे लोक. कोलंबसला वाटलं आपण भारताच्या बाजूला पोहोचलो, आणि त्या चुकीचं ओझं हे लोक पाचशे वर्षं वाहतायत.)

जून २०२१ मध्ये केंब्रिजच्या शाळा मंडळाने नाव बंद करायचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात मंडळात नवा सदस्य आला, बहुमत फिरलं आणि ठरावही फिरला. काही पालकांनी राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील केलं. आयुक्तांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला, मंडळ कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने सगळ्याच सरकारी शाळांना पत्र पाठवलं आणि एप्रिल २०२३ मध्ये 'बोर्ड ऑफ रीजेन्ट्स' या राज्याच्या सर्वोच्च शिक्षण मंडळाने नियमच केला. मूळनिवासींची नावं, चित्रं, चिन्हं शाळांनी वापरायची नाहीत. मुदत २०२४-२५ या शालेय वर्षाच्या अखेरपर्यंत.

असा नियम करणारं न्यूयॉर्क पहिलं राज्य नव्हतं. मेन राज्याने २०१९ मध्ये कायदा करून सरकारी शाळांमधले असे मॅस्कॉट बंद केले होते. ओरेगॉनने त्याच्याही आधी, २०१२ मध्ये.

ही नावं आली कधी?

टीमला मूळनिवासींचं नाव द्यायची टूम अमेरिकेत कोणत्या काळात आली, ते पाहिलं की वादाचा अर्धा भाग कळतो. क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमने 'इंडियन्स' नाव घेतलं १९१५ मध्ये. त्या वेळी सगळ्या मूळनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं, ते मिळालं १९२४ मध्ये. त्यांची मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली जात होती. तिथे त्यांचे केस कापले जायचे, कपडे काढून घेतले जायचे, मातृभाषेत बोललं तर शिक्षा व्हायची.

अशीच एक निवासी शाळा होती पेनसिल्व्हेनियात, कार्लाइल नावाची. १८७९ मध्ये सुरू झालेली. तिची फुटबॉल टीम देशभर गाजली. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकणारा जिम थॉर्प याच शाळेचा. टीमचे कोच होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. आज अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉलची जी सगळ्यात मोठी संस्था आहे, ती याच पॉप वॉर्नरच्या नावाने चालते. म्हणजे वर्गात ज्या मुलांची 'इंडियन' ओळख पुसायचं काम सुरू होतं, तीच मुलं मैदानावर 'इंडियन्स' म्हणून तिकिटं खपवत होती.

मॅसापिक्वाच्या लोगोतली आणखी एक गंमत. भरगच्च पिसांचा तो टोप हा अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. लाँग आयलंडवरचे मूळनिवासी तसला टोप घालतच नव्हते. मॅसापिक्वा हे गावाचं नाव मूळनिवासींचं, जागाही त्यांची, आणि त्यांच्या 'सन्मानार्थ' काढलेलं चित्र मात्र हजारो किलोमीटर दूरच्या लोकांचं. स्थानिक वारसा जपायचा म्हणणाऱ्यांना हा मुद्दा अडचणीचा आहे, आणि त्यावर समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

नाव तुमचं, पण फलक समोरच्याचा

नाव ठेवणारे म्हणतात, आम्ही शौर्याचा गौरव करतोय. 'वॉरियर्स', 'चीफ्स', 'ब्रेव्ह्ज' ही काय शिवी आहे का? बरेच जण हे मनापासून म्हणतात. मॅसापिक्वात 'वन्स अ चीफ, ऑलवेज अ चीफ' ही घोषणा लोक अभिमानाने सांगतात. आजोबा, वडील, मुलगा असे तिघेही त्याच जर्सीत खेळलेले असतात.

पण टीमचं नाव फक्त तिच्याच समर्थकांच्या तोंडी राहत नाही. समोरची टीमसुद्धा तेच नाव घेऊन ओरडते. २०१३ मध्ये अलाबामातल्या एका शाळेच्या मुलांनी 'इंडियन्स' नावाच्या टीमविरुद्धच्या मॅचला एक मोठा फलक आणला होता. आशय असा की, इंडियन्स, 'ट्रेल ऑफ टीअर्स'च्या दुसऱ्या फेरीला तयार राहा. ट्रेल ऑफ टीअर्स म्हणजे १८३०च्या दशकात चेरोकी आणि इतर जमातींना बंदुकीच्या जोरावर त्यांच्या जमिनीवरून पश्चिमेकडे हाकललं गेलं तो प्रवास. वाटेत हजारो माणसं मेली. फलकाचा फोटो सोशल मीडियावर फिरला आणि मुख्याध्यापकांना माफी मागावी लागली.

त्या मुलांना तो इतिहास किती माहीत होता कोण जाणे. त्यांच्या दृष्टीने समोर 'टायगर्स' असते तर 'वाघाची शिकार' लिहिलं असतं, 'इंडियन्स' होते म्हणून हे लिहिलं. घोळ नेमका इथेच आहे. प्राण्याचं नाव घेतलं की चेष्टा प्राण्याची होते. माणसांच्या समूहाचं नाव घेतलं की चेष्टा त्या माणसांची होते, आणि त्यातलं एखादं पोर त्याच गॅलरीत बसलेलं असू शकतं.

त्या पोराला काय वाटतं, यावर संशोधन झालंय. मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूळनिवासी विद्यार्थ्यांना असे मॅस्कॉट दाखवले गेले. ते पाहिल्यावर मुलांचा स्वतःबद्दलचा आदर कमी झाला आणि आपण पुढे काय काय होऊ शकतो याच्या त्यांच्या कल्पनाही आखडल्या. चित्राबद्दल मुलांचं मत चांगलं असतानाही परिणाम वाईटच दिसला, ही त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने तर २००५ मध्येच असे मॅस्कॉट बंद करा, असा ठराव केला होता.

दुसऱ्या बाजूकडेही आकडे आहेत. २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने मूळनिवासींची पाहणी केली. 'रेडस्किन्स' या वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमच्या नावाने त्रास होत नाही, असं १० पैकी ९ जणांनी सांगितलं. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून जास्त मूळनिवासींच्या दुसऱ्या अभ्यासात जवळपास निम्मे लोक त्या नावाने दुखावलेले निघाले. विचारलं कुणाला, प्रश्न कसा केला, यावर उत्तर बदलतं. बहुमत मोजून हा प्रश्न सुटणार नाही, एवढं त्यातून दिसतं.

मग विचारायचं कुणाला?

या सगळ्या गोंधळात एक कसोटी बऱ्यापैकी टिकली आहे. नाव चांगलं की वाईट यावर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा एवढंच विचारायचं, की ज्यांचं नाव आहे त्यांची परवानगी घेतली का?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने २००५ मध्ये हेच केलं. मूळनिवासींचे अवमानकारक मॅस्कॉट वापरणाऱ्या कॉलेजांवर तिने राष्ट्रीय स्पर्धांपुरते निर्बंध घातले, पण संबंधित जमातीचा पाठिंबा असेल तर सूट दिली. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी आजही 'सेमिनोल्स' नावाने खेळते, कारण फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने तिला लेखी पाठिंबा दिला. युटा युनिव्हर्सिटीचं 'युट्स' हे नावही तसंच टिकलं.

नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीचं मात्र फिसकटलं. तिची टीम होती 'फायटिंग सू'. सू हे जमातीचं नाव. एनसीएएशी झालेल्या तडजोडीनुसार दोन जमातींचा होकार लागणार होता. स्पिरिट लेकने दिला, स्टँडिंग रॉकने दिला नाही. या तडजोडीच्या आधीच एका देणगीदाराने युनिव्हर्सिटीला १० कोटी डॉलरहून जास्त खर्चाचं आइस हॉकीचं स्टेडियम बांधून दिलं होतं, आणि नाव बदललं तर बांधकाम अर्धवट सोडीन अशी तंबीही दिली होती. त्या स्टेडियममध्ये खुर्च्यांवर, भिंतींवर, फरशीत मिळून टीमचे हजारो लोगो बसवले गेले. नाव बदलणं महाग पडावं, असा एकूण बंदोबस्त. तरीही २०१२ मध्ये राज्यातल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने जुनं नाव सोडायला कौल दिला. २०१५ मध्ये नवं नाव ठरलं, 'फायटिंग हॉक्स'.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीचं. तिची टीम होती 'रेडस्किन्स', म्हणजे 'लाल कातडीवाले'. मायामी जमातीने या नावाला १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये पाठिंबा दिला होता. १९९६ मध्ये जमातीने तो काढून घेतला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सिटीने नाव बदलून 'रेडहॉक्स' केलं. परवानगी ही एकदा सही घेऊन कपाटात ठेवायची वस्तू नाही, ती मागेही घेतली जाऊ शकते, हे युनिव्हर्सिटीने मान्य केलं. जमातीशी संबंध तुटले नाहीत, उलट वाढले. मायामी भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ती कागदपत्रांतून पुन्हा उभी करायचं काम करणारं केंद्र आज त्याच युनिव्हर्सिटीत आहे.

न्यूयॉर्कच्या नियमातही हीच फट ठेवली आहे. मान्यताप्राप्त जमातीशी करार असेल तर नाव ठेवता येतं. सॅलमँका हे गाव सेनेका राष्ट्राच्या जमिनीवर वसलेलं आहे आणि शाळेत सेनेका मुलं बरीच आहेत. सेनेकांनी होकार दिला आणि तिथल्या शाळेचं 'वॉरियर्स' टिकलं. ॲरिझोनात नव्हाहो जमातीच्या जमिनीवर असलेली रेड मेसा ही शाळा तर स्वतःला 'रेडस्किन्स' म्हणते. इतरांनी म्हटलं तर शिवी ठरणारा शब्द तिथली पोरं स्वतःसाठी वापरतात.

हे समजायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. 'मुंबई इंडियन्स' या नावावर कुणी आक्षेप घेत नाही, कारण तिथे इंडियन स्वतःलाच इंडियन म्हणवून घेतायत. गल्लीतली पोरं टीमला 'मावळे' नाव देतात तेव्हा ते आपल्याच घरातून उचललेलं असतं. तेच नाव परदेशातल्या एखाद्या शाळेने घेतलं, मावळ्याचं व्यंगचित्र काढून मैदानावर नाचवलं आणि वर 'आम्ही तर तुमचा सन्मान करतोय' असं सांगितलं, तर इथल्या कमेंट बॉक्समध्ये काय होईल ते सांगायला नको.

नाव जातं, रंग राहतो

नाव बदललेल्या टीमकडे पाहिलं तर एक गोष्ट हटकून दिसते. लोक नाव सोडतात, पण रंग सोडत नाहीत.

वॉशिंग्टनच्या टीमने २०२० मध्ये 'रेडस्किन्स' टाकलं, दोन वर्षं नुसतं 'वॉशिंग्टन फुटबॉल टीम' म्हणून काढली आणि २०२२ मध्ये 'कमांडर्स' झाली. मरून आणि सोनेरी रंग तेच राहिले. क्लीव्हलँड इंडियन्सचे 'गार्डियन्स' झाले, लाल आणि गडद निळा तसाच. शिवाय इंग्रजीत दोन्ही नावांची शेवटची पाच अक्षरंही तीच. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने तर कमाल केली. १९७२ मध्ये 'इंडियन्स' सोडलं आणि शेवटी रंगालाच नाव केलं, 'कार्डिनल', म्हणजे तो विशिष्ट लाल रंग. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीची गोष्ट उलटी. तिथे 'रेडमेन' हे नाव मुळात लाल जर्सीवरून पडलं होतं, मूळनिवासी मॅस्कॉट त्याला नंतर चिकटला. १९९४ मध्ये ते 'रेड स्टॉर्म' झाले, लाल राहिलाच.

खर्चाचं गणितही यात आहे. शाळेचं नाव-लोगो बदलायचं म्हणजे जर्सी, बँडचे गणवेश, स्कोअरबोर्ड, जिमची लाकडी फरशी, मैदानाच्या मधोमधचं चित्र, दारावरची पाटी, सगळंच. रंग तोच ठेवला तर यातलं बरंच वाचतं. पण कारण फक्त पैशाचं नसावं. दुरून मैदानाकडे पाहताना आधी रंग दिसतो, नाव नंतर वाचता येतं. गावाला चिकटलेलं असतं ते बहुतेक हेच. आठवणी खरंच नावात अडकलेल्या असत्या, तर इतक्या टीमना नव्या नावाने तीच गर्दी मिळाली नसती.

नवं नाव निवडतानाही ठेच लागतेच. क्लीव्हलँडमध्ये 'गार्डियन्स' नावाची रोलर डर्बी टीम, म्हणजे चाकांच्या बुटांवर खेळणाऱ्यांची टीम, आधीपासून होती. बेसबॉलवाल्यांनी तेच नाव जाहीर केल्यावर या छोट्या टीमने २०२१ मध्ये कोर्टात खेचलं. तीन आठवड्यांत समझोता झाला आणि दोघांनीही नाव वापरायचं ठरलं. एवढ्या मोठ्या क्लबकडे वकिलांची फौज असते, तरी ही वेळ आली. शाळांचंही तेच. नेटवरून उचललेला वाघ किंवा कौगर एखाद्या युनिव्हर्सिटीचा ट्रेडमार्क निघतो आणि वर्षं उलटल्यावर नोटीस येते.

मग ट्रम्प सरकारचा मुद्दा काय?

केंद्रीय शिक्षण खात्याचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. न्यूयॉर्कच्या शाळांना 'डचमेन' किंवा 'ह्युगनॉट्स' ही नावं चालतात. ही युरोपातून आलेल्या लोकांची नावं. बंदी फक्त मूळनिवासींच्या नावांवर आहे, म्हणजे हा वंशावरून केलेला भेदभाव आहे, आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या 'टायटल सिक्स' कलमाचा भंग आहे. जो कायदा वंशभेद झालेल्यांना संरक्षण द्यायला आला, तोच मॅस्कॉट वाचवायला वापरला गेला.

यातली मेख अशी, की स्वतःला डचमेन म्हणवून घेणाऱ्या गावांत त्या वसाहतवाल्यांचेच वंशज नावं ठरवत आले. तिथे सॅलमँकासारखी परिस्थिती आहे, मॅसापिक्वासारखी नाही. तरी एक मान्य करावं लागेल. नियम लिहिताना राज्याने 'कोणत्याही समूहाचं नाव त्यांच्या संमतीशिवाय नको' असं सरसकट लिहिलं असतं, तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

न्यूयॉर्कने केंद्राची मागणी फेटाळली. जून २०२५ मध्ये शिक्षण खात्याने प्रकरण न्याय खात्याकडे पाठवलं. जुलैमध्ये ट्रम्प यांनी आणखी पुढे जाऊन वॉशिंग्टन आणि क्लीव्हलँडच्या टीमनाही जुनी नावं परत घ्यायला सांगितलं. नाही घेतलं तर वॉशिंग्टनच्या नव्या स्टेडियमच्या व्यवहारात अडथळा आणू, असंही सुचवलं.

दरम्यान लाँग आयलंडवरच्याच कनेटक्वॉट गावाने वेगळी वाट काढली. तिथली टीम होती 'थंडरबर्ड्स'. थंडरबर्ड हा अनेक मूळनिवासी जमातींच्या कथांमधला पवित्र पक्षी, त्यामुळे तेही नाव बंदीत बसलं. गावाने नाव छाटून 'टी-बर्ड्स' केलं. राज्य म्हणालं, चालेल. मिटलं असं वाटत असतानाच केंद्रीय शिक्षण खात्याने या तडजोडीचीही चौकशी सुरू केली.